वेखंड

सेलूपासून समुद्र पाचशे किलोमीटरच्या वर.
सहलीहून येताना एसटीच्या मागच्या सीटखाली
तेलाच्या रिकाम्या कॅनमधून तो आणला,
कोमट, ढवळलेला,
आणि त्यात एक दगड. दगडाला गोगलगाईची अंडी,
गव्हाच्या दाण्यांसारखी उभी, दाटीनं.

मी तासिका तत्त्वावर. मुलांना सांगितलं,
हिला पळता येत नाही, ओरडता येत नाही,
बोलायचं ते पाण्यात विरघळवून बोलते.
चालून गेल्यावर मागे चिकट ओळ, येणारीला वाट कळावी म्हणून.
एखादी चिरडली तर तिच्याच अंगातला रस
बाकीच्यांना सांगत जातो, वाळूत शिरा.
अंडी घालून आई निघून जाते
(मागच्या बाकावर कुणीतरी हसलं)
पण जाण्याआधी प्रत्येक पिशवीत थोडं विष ठेवते,
जंतूंपुरतं,
पिल्लांना न बाधणारं.
सूत्र फळ्यावर काढलं. ब्रोमिन कुठे बसतं ते दाखवलं.
मुलांनी उतरवून घेतलं.

तिसऱ्या रात्री लाईट गेली, हवेचा पंप थांबला.
सकाळी कुलूप काढलं तर सडक्या लसणाचा वास,
आणि खिडकीकडची अंडी हिरवी,
मग निळसर,
तिसऱ्या तासाला पार जांभळी.
मेली होती. रंग तेव्हाच चढतो,
राखण संपल्यावर.

सोजराबाईंनी ट्रे उचलला. अनुकंपावर लागलेल्या,
बारा वर्षं बेडूक, झुरळं, फॉर्मॅलिन,
कशालाच नाक न मुरडलेल्या.
दगड नाकाशी नेला.
"मॅडम, ह्यो तर बाळंतिणीच्या खोलीतला वास हाय.
लसूण, वेखंड, शेगडीत ओवा.
पाचवीपर्यंत लेकराजवळ काई फिरकू नाई मनून
सासू अशीच धुरी ठिवायची."
मग दगड घासता घासता,
"माझं पयलं तरी गेलंच."

फळ्यावरचं सूत्र अजून पुसलेलं नव्हतं.

नळ येऊन आठ दिवस झालेले, तरी खारं पाणी
कुंड्यांना चालेना. त्यांनी ते मागे मुरमावर ओतलं.
मुरमानं समुद्र पिऊन टाकला,
वर मिठाची एक पांढरी कड राहिली.

बोटांवरचा जांभळा डाग साबणानं गेला नाही,
राखेनं नाही, लिंबानं नाही.
ऑफिसातला हनवते क्लार्क विचारतो,
मतदान कधी झालं हो बाई?
त्या उत्तर देत नाहीत.
मस्टरवर सही करतात,
बोटं नाकाशी नेतात, डोळे मिटून.
"अजून हाय," म्हणतात.