तासिका

वाळपईहून सातची कदंबा,
पुढे दीड मैल चालत, काजूच्या बागेतून.
कुजलेल्या बोंडूंचा वास शाळेपर्यंत सोबत येतो,
हजेरीपटालाही तो लागलाय.

पटावर आठ नावं.
बाकांवर सात.
रेणव्वाचा बाप चिरेखाणीवर होता.
खाण बंद पडली, तसा रातोरात बिऱ्हाड घेऊन गेला,
बेळगावकडे, की आणखी कुठे.
दाखला न्यायला कुणी आलं नाही.

मी तासिकेवर.
घंटा वाजली तर पैसे.
चवथीच्या सुट्टीला पोरं नाचली,
मी माटोळीला यंदा काय काय बांधायचं नाही
त्याची यादी केली.
डिसेंबरचं मानधन
अजून पणजीत कुठल्याशा टेबलावर आहे,
म्हणजे असावं.

परवा भागशिक्षणाधिकारी येऊन गेले.
चहा नको म्हणाले. पट उघडला,
नावांवरून बोट फिरवलं.
"आठ आहेत ना? मग बघू."
'बघू' भविष्यकाळ, असं मी चौथीला शिकवते.

आज हजेरी घेताना
त्या एका नावापाशी आवाज घसरला.
"रेणव्वा."
मागच्या बाकावरून, पेन्सिल चावत,
गावसांची कुंजल म्हणाली,
"हजर."
कुणी हसलं नाही.
सातही जणं माझ्या पेनाकडे बघत होती.

मी खूण केली.
मग फळ्यावर तारीख लिहिली, वार लिहिला,
पट आठ, उपस्थिती आठ.
सुविचाराची ओळ
आज कोरीच ठेवली.