केरी तीन आहेत

चंद्रकला गांवकर तिसऱ्यांदा आली तेव्हा
वाळपईच्या बाजारात फळ्या लागत होत्या
आणि तिच्या पदराला अजून बोंडूंचा आंबूस वास होता.
पावती टेबलावर ठेवून म्हणाली,
"बाये, पैशे उणे."
भांडली नाही.
दोनशे बारा किलो काजूबी तिने स्वतः वेचलेली,
बेरीज तिला माझ्याहून चांगली येते.

मी स्क्रीनकडे पाहिलं.
कुठेही लाल नाही, कुठे तो
"सापडत नाही" म्हणणारा कुंपणाचा शिक्का नाही.
आकडा नीट बसलेला,
दोन दशांश, उजवीकडे टेकून,
लग्नघरातल्या अनोळखी पाहुण्यासारखा,
ज्याला कुणीच विचारत नाही, तू कुणाकडचा.

फॉर्म्युला बोस्त्यांवबाबचा.
निवृत्त होताना त्याने किल्ल्या दिल्या, पंखा दिला,
आणि ही एक ओळ, जी सेलमध्ये मावत नाही:
जर बी ओली, तर इतके,
नाही तर, जर बारीक, तर तितके,
नाही तर, जर सभासद, तर
आणि त्या तर-च्या पोटात आणखी एक जर,
त्याच्या पोटात गावाचं नाव घेऊन
दुसऱ्या पानावर भाडं शोधायला गेलेला व्हीलुकअप.
शेवटी सात कंस, एकामागून एक बंद होणारी दारं.

मी आतून सोलायला घेतलं.
काजूबी भाजल्याशिवाय फोडली तर
चीक बोटांना लागतो, कातडी निघते.
हेही तसंच. ओढायचं नाही.
एक जर उचलून शेजारच्या कॉलमात ठेवला: खरं.
दुसरा: खोटं.
तिसरा: खरं.
सगळे सरळ बोलत होते.
मग सर्वांत आतला तुकडा निवडून
एफ-नाइन दाबलं.
चार.

किलोमागे चार रुपये गाडीभाडं?
केरीहून वाळपईला?
चंद्रकलेच्या केरीची गाडी एका रुपयात येते.

दुसऱ्या पानावर गेले.
पहिलीच ओळ: केरी, चार.
खाली, एकोणिसाव्या ओळीत: केरी, एक.
वरची केरी तेरेखोलकडची,
जिच्या अंगणात समुद्राची वाळू येते.
खालची आपल्या सत्तरीतली.
आणि तिसरी फोंड्यात, ती अजून यादीत आलीच नाही.
व्हीलुकअप बिचारा वरून खाली उतरतो,
नाव जुळलं की तिथेच पिशवी टेकवतो.
पुढे कुणी वाट बघतंय, हे त्याला कळायचं कसं?

बोस्त्यांवबाबला फोन लावला. हळदोण्याला असतो हल्ली.
मागे कोंबडे ओरडत होते.
"मी लिहिला तेव्हा केरी एकच होती," तो म्हणाला,
"पेडण्याची पोती मागाहून आली.
ती ओळ कोणी घातली ते बघ."

बघायची गरज नव्हती.
गेल्या एप्रिलात, दुपारी, वीज जायच्या आत,
मीच घातली होती.
वर, कारण माउस तिथेच होता.

चंद्रकला बाकावर बसून होती.
विचारलं, "मावशे, तुमची केरी कुठली?"
तिने माझ्याकडे असं पाहिलं
की मी तिला तिच्या आईचं नाव विचारलंय.
"केरी," ती म्हणाली. "आनी खंयची?"

एक नवा कॉलम केला.
तालुका आणि गाव एका दोरीत बांधले:
सत्तरी-केरी. पेडणे-केरी.
फॉर्म्युल्याला सांगितलं, आता जोडीने हाक मार.
एकाचे चार, चाराचा एक.
फरक: सहाशे छत्तीस.

तिने नोटा दोनदा मोजल्या.
मग तिसऱ्यांदा, माझ्यासमोर, मुद्दाम.
उठताना म्हणाली, आमच्या वाड्यावरची सुभद्राही
तेच म्हणत होती, पण तिला पावती वाचता येत नाही
म्हणून ती आली नाही.

दिवे लागले. गडी कुलूप घेऊन दारात उभा.
मी यादी पुन्हा उघडली, गावांवर बोट ठेवत खाली गेले.
कोपार्डे, एक.
ठाणे, एक.
भिरोंडा.
सावर्डे.
सावर्डे.

गड्याला म्हटलं, तू जा.
किल्ली माझ्याकडे दे.