तेराचा पाना

तिसरं रेल्वे गेट ओलांडलं की उद्यमबाग.
आमच्या शेडमध्ये त्या वर्षी दोन गाड्या उभ्या होत्या,
दोन्ही दोन दारांच्या, दोन्हींचं स्टिअरिंग डावीकडं,
दोन्ही अंकलीकर शेठच्या.
एकच ठेवणार, म्हणाले.
कुठली, ते तू सांग भरमू.

मी फिटर माणूस.
मला लोक विचारतात ते आवाज कसला येतोय, एवढंच.

अमेरिकन आधी.
बॉनेट उघडलं तर आत एवढी जागा
की उतरून डबा खावा.
आठ सिलिंडर, तालीम सोडलेल्या पैलवानासारखे
ऐसपैस बसलेले.
किल्ली फिरवली की आधी टेबलावरचे नट नाचायचे,
मग आवाज कानात यायचा.
मागं पाटे, टेम्पोला असतात तसले.
पण सरळ रस्त्यावर तिचा हात कोण धरणार?
काकतीच्या पुढं हायवेला शेठनी एकदाच दाबली
आणि पेट्रोलचा काटा
माझ्या डोळ्यांदेखत खाली बसला.

इटालियन दुसऱ्या दिवशी.
चारच सिलिंडर, पण वर दोन कॅमशाफ्ट,
आणि कार्बोरेटरची जोडी, जुळ्या बहिणींसारखी:
एकीला जरा कमी हवा मिळाली की दुसरी रुसते.
जांबोटी सोडून चोर्ल्याच्या वळणांना लागलो,
स्टिअरिंग मी फिरवत नव्हतो,
नुसतं मनात आणत होतो.
परत येऊन चाकाच्या कमानीखाली हात घातला,
बोटाला गंज.
खानापूरकडची ओल तिला सोसत नाही.

दोघींना हत्यारं वेगळी.
हिला मिलिमीटर, तिला इंच.
अर्ध्या इंची बोल्टवर तेराचा पाना बसतो,
केसभर हलतो,
जोर लावला तर कोपरे खातो.
आमच्या गल्लीत बरेच जण तसेच बसलेत:
घरात मराठी, लायसनवर कानडी, मशीनवर इंग्लिश.
जोर लावू नये, झालं.

मार्चमध्ये इटालियनच्या पाण्याच्या पंपाचं घर फुटलं.
तिकडून यायला सहा महिने, म्हणाले.
रुद्राप्पा मिरजींनी सागवानी पॅटर्न केला.
ते कानडीत मोजायचे, मी मराठीत लिहायचो,
एकदा दोघंही चुकलो,
पहिलं कास्टिंग भंगारात गेलं.
दुसरं बसलं. थेंब गळला नाही.
खालच्या अंगाला, जिथं कुणी बघत नाही,
रुद्राप्पांनी कानडी रु उठवलेला.

दिवाळीनंतर पुण्याहून गिऱ्हाईक आलं.
लोहचुंबक, बॅटरी, दांड्याचा आरसा, पांढरे हातमोजे.
अमेरिकनभोवती फिरून मान डोलावली:
सगळे नंबर जुळतात, कारखान्यातून निघाली तशीच आहे.
इटालियनखाली आरसा घातला
आणि थांबला.
हे काय?
रु, मी म्हटलं.
भाग मूळचा नाही, तो शेठना म्हणाला,
दोन लाख कमी करा.

शेठ काही बोलले नाहीत. चष्मा पुसला.
मग अमेरिकनची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.
मला वाटलं, आता काहीतरी सांगतील,
रुद्राप्पांबद्दल, कास्टिंगबद्दल.
चहा सांग रे, एवढंच म्हणाले.

रविवारी ते इटालियन काढतात, तिलकवाडीत एक फेरी,
मग माझ्याकडं.
मी बॉनेटवर कान देतो.
पंप बोलत नाही, म्हणजे बरा आहे.
रुद्राप्पा आता मुलाकडं, धारवाडला.

शेडमध्ये शांतता आहे.
टेबलावरचे नट
जागचे हलत नाहीत.