तुझूर

एकतीस वर्षं मी रुबेच्या टपाल केंद्रात
रात्रपाळीला पत्रं निवडली.
हात झोपेतसुद्धा खण चुकत नसे.
आता दर मंगळवारी, वाचनालयाच्या तळघरात,
परक्या मुलखांतून आलेल्यांना
फ्रेंच शब्द निवडायला शिकवते,
आणि अधूनमधून चुकते.

'ऊ' म्हणजे किंवा. 'ऊ' म्हणजे कुठे.
कानाला फरक नाही,
कागदावर एक तिरकी काडी, माशीच्या पायाएवढी.
बाकारी विचारतो, मग बोलताना कसं कळायचं?
मी म्हणते, चेहरा बघायचा.
'कुठे' विचारणाऱ्याच्या भुवया वर जातात.
'आमच्या छावणीत, मादाम देल्क्रुआ,
सगळ्यांच्याच वर गेलेल्या होत्या.'

'प्लूस'. शेवटचा स वाजला तर आणखी,
गिळला तर संपलं.
घुंचा बेकरीत आणखी पाव मागायला गेली,
स गिळून बसली.
नको तर नको, म्हणत बाईनं
हातातली पिशवीही परत घेतली.
हे सांगताना घुंचालाच इतकं हसू आलं
की खडू बाजूला ठेवावा लागला.

मग 'तुझूर' काढला.
नेहमी. आणि, अजूनही.
एकाच पाकिटावर दोन पत्ते.
'पा' म्हणजे नाही; तो आधी की नंतर
यावर पाकीट कुठल्या दारी जाणार ते ठरतं.
घरातल्या कुणाविषयी एक ओळ लिहा, म्हटलं.

योर्दानोस इस्पितळाच्या धुलाईत चादरी घड्या करते.
तिची ओळही तशीच, कडेला कड लावून :
माझा नवरा पा तुझूर आला.
म्हणजे, येतो, पण नेहमी नाही.
कामाचं निमित्त सांगून
जेवायला उशीर करणारा एखादा नवरा.
मी हसून लाल बाण काढला. अदलाबदल करा.
तुझूर आधी, पा मागून.

तिनं खोडलं, लिहिलं, वाचलं :
माझा नवरा अजूनही आलेला नाही.

पुढचा शब्द 'दप्युइ' होता, पासून,
म्हणून सवयीनं विचारून गेले,
दप्युइ कधी?
'दप्युइ सहा वर्षं. झुवाराच्या किनाऱ्यावर नाव सुटली.
मी पहिल्या नावेत. तो दुसऱ्या.'
व्याकरण बिनचूक होतं.
मी समासात बरोबरची खूण केली.
ती खूण मला अजून दिसते.

वर्ग सुटल्यावर ती जिन्यापाशी थांबली.
'पा आंकोर' पण चालेल का इथे?
चालेल, मी म्हटलं. दोन्ही बरोबर.
'पा आंकोर', अजून नाही :
वाट बघणारी माणसं म्हणतात.
'तुझूर पा', अजूनही नाही :
वाट बघून ज्यांचे पाय दुखलेत, ती.
मराठमोळ्या नाही, फ्लांद्रच्या गारठ्यात
तिनं कोटाची वरची गुंडी लावली.
भिंतीला वही टेकवून
खोडलं काहीच नाही,
जुन्या ओळीच्या वर, बारीक अक्षरात,
दुसरीही लिहिली.
आणि शेवटची ट्राम गाठायला धावली.