अर्धा मिलिमीटर

मिरकरवाड्यात, जेटीच्या मागच्या गल्लीत माझं लेथ आहे.
शाफ्ट, बुश, विंचचे दात,
खाऱ्या पाण्यानं कुरतडलेलं जे जे, ते माझ्या दारात.
अल्ताफ वस्ता आला तेव्हा त्याच्या तळव्यावर
पितळेचा हरभऱ्याएवढा मणी.
"अण्णा, भोक पाडायचंय. अर्धा मिलिमीटर."
अर्धा मिलिमीटर म्हणजे भोक नव्हे रे,
ती अफवा.

त्याची एस्टीम तेवीस वर्षांची,
बंपर जाळ्याच्या सुतळीनं बांधलेला.
तिला गॅस पाजणार म्हणाला.
दातवाले देतात, तो?
"तोच. पण तो स्वतः जळत नाही.
नुसता प्राणवायू घेऊन येतो.
जळायचं ते पेट्रोलनंच."
मला एवढंच कळलं,
पंगतीला पानं वाढली की भातही वाढवायला हवा,
नाहीतर पाहुणे घरच खातात.
"बरोबर," तो म्हणाला, "पिस्टन वितळतो."

त्याच्या अंगणात जांभ्याच्या गडग्याला टेकून
इंजिनचं अर्धं पोट उघडं पडलेलं.
मेलेल्या फ्रिजची तांब्याची नळी
त्यानं हातात घेतली, वजन केलं, फेकून दिली.
दाबाला टिकणार नाही.
मग पोलादी नळी. तिच्यात वाळू ठासून भरायची,
मगच वाकवायची, म्हणजे चेपत नाही.
वाळू समुद्राची नको. नदीची.
त्यासाठी पोरगा काजळीच्या पात्रात जाऊन आला,
दारात अख्खा अरबी समुद्र असताना.

बाटली डिकीत, जिथे पूर्वी बर्फाची पेटी असायची.
बांगड्यांचा वास अजून गेलेला नाही.
प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून
तो कान देऊन बसायचा.
एका सांध्यावर बुडबुडा आला.
रात्रभर एकच बुडबुडा.

मी चार ड्रिल मोडले.
केसाएवढं पातं, माझा मोतीबिंदू,
आणि बाहेर ट्रॉलरचं इंजिन सुरू झालं की हलणारी जमीन.
पाचव्याला श्वास धरला.
पितळेची धूळ पडली, सोन्यासारखी, चिमूटही नाही.

मे महिन्यातल्या दुपारी त्यानं पहिल्यांदा झडप उघडली.
नळी पांढरी झाली.
रणरणत्या अंगणात हिव पडलं, बोटभर लांब.
त्याची आई रुकय्या कोळंबी सोलून आलेली;
तिनं सहज हात लावला आणि झटकन मागे घेतला.
"दिवसभर बर्फातच असते मी.
आता घरातही?"
कुणी हसलं नाही.
तिनं बोटं पदरात धरली, ऊब येईपर्यंत.

रात्री दोन वाजता, सड्यावरच्या सरळ रस्त्यावर.
बटण दाराच्या बेलचं.
मी शेजारी बसलो होतो, कशाला कोण जाणे,
पासष्ट वर्षांचा माणूस.
त्यानं बेल वाजवली
आणि माझी पाठ सीटमधून मागच्या सीटवर गेली.
कातळावरच्या टिटव्या ओरडत उठल्या.
सहा सेकंद.
मग पुन्हा तेवीस वर्षांची गाडी.

तिसऱ्या रात्री तो एकटा गेला होता.
सकाळी पिस्टन माझ्या बाकावर ठेवला,
माथ्यावर खड्डा, कडा मेणासारख्या ओघळलेल्या.
"पंप कमजोर होता," म्हणाला. "जुन्या बाइकचा."
मी मान हलवली.
तो गेल्यावर मणी उजेडाला धरला. पेट्रोलचा मणी.
आत, कडेला,
पितळेचा एक काटा उभा होता.
माझा.

तो पिस्टन बिलांवर ठेवलाय, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.
गिऱ्हाईक विचारतं, हे काय?
बोटीचं, सांगतो.

दीड महिन्यानं अल्ताफ आला.
तळव्यावर नवा मणी.
माझ्याकडे पाहिलं नाही, लेथकडे पाहिलं.
"या वेळी पंचावन्न करा, अण्णा.
आणि आतून साफ."

मी चष्मा पुसला.
बाहेर कुणाचा तरी ट्रॉलर सुरू होत होता.
म्हटलं, थांब जरा. जाऊ दे त्याला.