वेळापत्रकाचा मसुदा

मिझुला. ऑक्टोबरचा शेवटचा गुरुवार.
फोन स्पीकरवर आहे.
पलीकडे वॉशिंग्टन, दोन तास पुढे गेलेली संध्याकाळ,
आणि वनखात्याच्या साहेबांतर्फे एमरी टॅल्कट,
सर्दीने घसा बसलेले.
अलीकडे थिया लुंडग्रेन, वादींची वकील,
बूट काढून पाय हीटरला लावलेली.
मी टायपिस्ट. तारखा माझ्या बोटांतून जातात.

वादींचा अर्ज : सहा डिसेंबर.
सरकारचं उत्तर आणि उलट अर्ज, एकत्र : सतरा जानेवारी.
"सतरा नको," टॅल्कट म्हणतात,
"त्या आठवड्यात वडिलांची बायपास."
थिया पेन्सिल थांबवते.
"सात फेब्रुवारी घ्या मग. आणि जपा त्यांना."
मी सतरा खोडते, सात लिहिते.
दोन कळा दाबल्या,
तीन आठवडे.

शब्दमर्यादा साडेसहा हजार.
दप्तर एकेचाळीस हजार पानांचं,
पेनड्राइव्हमध्ये, माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात.
साक्षीदार नाहीत. उलटतपासणी नाही.
समरी जजमेंट म्हणजे तेच,
काय बोलायचं ते कागद बोलतील
आणि काय ऐकायचं ते न्यायाधीश ठरवतील.

सकाळी वेंडेल पिशेट येऊन गेला,
मांडीपर्यंत भिजलेला, हातात ओली वही.
कोल्ड जॅक ओढ्यावर यंदा एकोणीस.
बुल ट्राउटची मादी शेपटीने खडी उकरते,
तसे एकोणीस खळगे.
गेल्या साली चौतीस होते.
थियाने वही दोन्ही हातांनी घेतली, वाचली,
परत दिली.
"दप्तर मंजुरीच्या दिवशी बंद झालं, वेंडेल.
त्यानंतरचे मासे कोर्टाला दिसत नाहीत."
तो हसला नाही, चिडलाही नाही.
"मग मी कोणासाठी मोजतोय?" एवढंच.
आणि जाताना म्हणाला, उद्या वरचा टप्पा करतो.

शहाणे कोर्टाची पायरी चढत नाहीत म्हणे.
हा मासा तर पायऱ्याच चढत येतो,
दगडामागून दगड, उपाशी,
जिथे जन्मला त्याच थंड पाण्यात.

"बुलडोझर पंधरा मेपर्यंत हलणार नाही,"
टॅल्कट खोकत सांगतात. "तोंडी सांगतोय.
लेखीचं वरती विचारून कळवतो."
"वरती म्हणजे कोण?"
फोनमध्ये नुसती खरखर.

वादींचं प्रत्युत्तर : अठ्ठावीस फेब्रुवारी.
सरकारचं : एकवीस मार्च.
सुनावणी : न्यायालयाच्या सोयीने.
मसुद्याच्या पाठकोऱ्या बाजूला
माझ्याच हातून दुसरी यादी उतरते :
अंड्यांत डोळ्यांचे काळे ठिपके, डिसेंबर.
फुटणं, फेब्रुवारी, पाणी साथ देईल तसं.
खडीतून वर येणं, एप्रिल संपता संपता,
फटी मातीने बुजल्या नसतील तर.
ही बाजू कुठे दाखल करायची नाही.

शेवटचं कलम नियमानेच घालावं लागतं :
या अर्जास कोणत्याही पक्षाचा विरोध नाही.
दोघांनाही वाचून दाखवते. दोघेही हो म्हणतात,
थोडे खुशीतच, दिवस सरल्याच्या.

थिया फोन ठेवते, आळस देते,
मोज्यांवरच खिडकीकडे चालत जाते
सकाळी वेंडेल उभा होता तिथून.
पाणी कधीच वाळलंय. राहिलाय करडा गाळ,
पिठासारखा बारीक,
वरच्या नव्या रस्त्यावरून ओढ्यात उतरलेला.
"हे काय लागलं?" ती म्हणते,
आणि एका पायावर उभी राहून
तळवा झटकते.