रोजमेळ

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या गल्लीला माझं दुकान.
दहा बाय आठ, एक पंखा, एक प्रिंटर
आणि मिरजेहून जुन्यात घेतलेला संगणक.
कीबोर्डच्या फटींत पिवळं साठतं.
ब्रशनं काढते. पुन्हा साठतं.

परवा डिस्कची तब्येत पाहिली. एकाहत्तर टक्के.
मी तर दिवसाला चार-दोन अर्ज भरते,
सातबारे काढते, कुणाचा फोटो पन्नास केबीत बसवते.
मग एवढं लिहितंय कोण?

ब्राउझर लिहीत होता.
कुठलं पान उघडलं, कुठलं मिटलं, कोण कुठं किती रेंगाळलं,
दर थोड्या सेकंदांनी,
कुणी विचारलेलं नसताना.
आणि डिस्क अशी की
पुसून पुन्हा लिहिण्याच्या वेळा तिला मोजून दिलेल्या.

रविवारी शटर अर्धं ओढून त्याचं बिऱ्हाडच उचललं,
रॅममध्ये नेऊन मांडलं.
जुन्या दारावर नुसती पाटी:
इथं राहत नाहीत, वरच्या मजल्यावर विचारा.
सकाळी सगळं वर न्यायचं,
तासातासाला एक प्रत खाली धाडायची,
कुलूप लावण्याआधी उरलेलं उतरवून घ्यायचं.

बिरूतात्या कोळेकर दुपारी येऊन बसतात. पंख्यासाठी, म्हणतात.
चाळीस वर्षं तोलाईदार. आता गुडघे वजन घेत नाहीत.
त्यांना सांगितलं तर म्हणाले,
"त्यात काय नवं, नसीमा?
दर पोत्याला पेन्सिल काढली तर सौदा पुढं पळतोय.
जेवनापतूर डोक्यात, जेवून उठलं की वहीत.
पन मदीच लाईट गेली तर?"
तर तेवढ्या वेळचं गेलं, म्हटलं.
"म्हंजे रॅमनं राम म्हटला."
आणि स्वतःच खोकला येईपर्यंत हसले.

मंगळवारी, चारला दहा कमी असताना, गेली.
बॅटरीनं दोनदा पीं केलं आणि तीही गेली.

आली तेव्हा पडदा उजळला तो तीन वाजताचा.
कवठेमहांकाळच्या माणसाचा उतारा तसाच उघडा,
जो तो घेऊन, पैसे देऊन, केव्हाच निघून गेला होता.
पुढची पन्नास मिनिटं कुठंच नव्हती.
कोण आलं होतं? दोघं? तिघं?
मला एक हिरवी पिशवी आठवली. फक्त पिशवी.

तात्यांनी डोळे उघडले नाहीत.
काट्याशेजारी उभं राहून पुकारावं तसे बोलले,
"सात मानसं.
पयला पॅनकार्डवाला. बेचाळीस दिलं, आठ ऱ्हायलं.
दोगं भाऊ, वारसाच्या नोंदीचं, उद्या येतो म्हनालं.
एकजन नुसताच वारं खात हुबा.
हिरव्या पिशवीची बाई, तिचा फोटो बसंना.
एक म्हातारा चुकून आलावता, त्याला टपाल हापिस पायजे हुतं.
आनि ती पोरगी, हॉस्टेलच्या फॉरमची.
लाईट गेली तशी उटली, काय बोलली न्हाई.
तिचं काय केलंस?"

काहीच केलं नव्हतं.
शेवटची तारीख आजचीच होती.
नाव काय तिचं, तात्या?
"नाव कोन सांगतंय तोलाईदाराला?
मोबाईलचा नंबर सांगत हुती तुला. घे लिवून."
आणि दहा आकडे सांगितले,
जोडी-जोडीनं, पोती हातावरून जावीत तसे.

पावतीच्या पाठीवर पेन्सिलनं लिहिले.
तिसऱ्या रिंगला उचलला. मागं कंडक्टरचा आवाज,
जतच्या गाडीत चढलेली.
"उतरते," म्हणाली. एवढंच.
पावणेसहाला अर्ज गेला.

आता दर दहा मिनिटांनी प्रत खाली उतरते.
थोडी झिजेल डिस्क. झिजू दे.
पॅनकार्डवाल्याचे आठ रुपये अजून यायचेत.
ते मी कुठंच लिहिलेले नाहीत.
तात्यांकडे आहेत.